जुन्या सॉफ्टवेअरमधल्या बदलाला किती दिवस? अंदाज सांगण्याच्या पद्धती, शेजारी शेजारी ठेवून

सोमवारची साडेदहाची मीटिंग. डिलिव्हरी मॅनेजर लॅपटॉपवरून मान न काढता विचारतात, "अगं, ते कॉन्ट्रॅक्ट नोटमधलं काम आहे ना, किती दिवस? फक्त बॉलपार्क सांग, धरून नाही ठेवणार." समोर क्लायंट कॉलवर असतो. आपण मनातल्या मनात कोड आठवतो आणि तोंडातून निघून जातं, "दोन-तीन आठवडे असतील, सर." संध्याकाळी तो आकडा स्लाइडवर आलेला असतो. 'तीन' केव्हाच गळालेला असतो, 'दोन'समोर तारीख पडलेली असते आणि तारखेखाली आपलं नाव असतं.

मी गेली सतरा वर्षं मुंबईत ब्रोकिंग आणि विम्याच्या बॅक ऑफिस सॉफ्टवेअरवर काम करते आहे. यातली बहुतेक प्रणाली माझ्याआधी कुणीतरी लिहिलेली, त्यांच्याआधी आणखी कुणीतरी सुरू केलेली. नव्याने टीम लीड झालेली मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात: दबाव असताना आकडा द्यायचा कसा? एकच द्यायचा, रेंज द्यायची, फुगवून द्यायचा की द्यायचाच नाही? म्हणून मी वापरून पाहिलेल्या पद्धती इथे एकाच उदाहरणावर तपासते आहे. माझा कल लपवणार नाही.

आधी तीन शब्द वेगळे करते, कारण निम्मी भांडणं त्यांच्या सरमिसळीतून होतात. अंदाज म्हणजे आज मला जे दिसतंय त्यावरून काम किती चालेल याचं माझं मत. अपेक्षा म्हणजे धंद्याला ते कधी हवंय. आणि शब्द म्हणजे मी अमुक दिवशी देईन असं सांगणं. अपेक्षा मॅनेजरने सांगावी, अंदाज आम्ही सांगावा, आणि दोन्ही टेबलावर आल्यावर बसून शब्द ठरवावा. ऑफिसात होतं असं, की अपेक्षा अंदाजाच्या तोंडून वदवून घेतली जाते आणि तिचाच शब्द होतो. "मार्चअखेर होईल ना?" हा प्रश्न अंदाजाचा नाहीच. शिवाय आकडा एकदा कानावर पडला की आपला स्वतःचा अंदाज त्याच्याकडे झुकतो. काहनमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हे दाखवून दिलं होतं. म्हणून मी टीमला सांगते, क्लायंटची तारीख कानावर पडायच्या आधी आपापले आकडे कागदावर लिहा.

आता उदाहरण. समजा एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसात कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे शेअर व्यवहारांच्या ग्राहकाला जाणाऱ्या पावतीवर, एक नवा चार्ज मोजून दाखवायचा आहे. स्क्रीन व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, हिशेब ऑरॅकलच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये), छपाई क्रिस्टल रिपोर्ट्स या साधनावर. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये, आणि त्याच्या डेव्हलपमेंटच्या साधनाला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ पासून सपोर्ट बंद केला. तरीही ते चालू आहे, रोज रात्री हजारो नोटा काढतंय, म्हणून कुणी हात लावत नाही. कामाचे तीन तुकडे: हिशेबातला बदल, तो चार्ज जिथे जिथे पोचतो त्या लेजर, रिपोर्ट आणि फाइल्स, आणि शेवटी टेस्टिंग व लाइव्ह करणं. आपला पहिला, मनातला अंदाज पाच, आठ आणि सात, म्हणजे एकूण वीस कामाचे दिवस.

एकच आकडा, थोडा फुगवून

सगळ्यात प्रचलित पद्धत ही. वीस वाटतात, म्हणून तीस सांगायचे. याचा फायदा खरा आहे: एका वाक्यात संपतं, मीटिंग पुढे सरकते, आणि फुगवलेल्या दहा दिवसांत एखादं अनपेक्षित प्रकरण मावून जातं. ज्या कोडमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं रोज वावरता, तिथल्या चार-पाच दिवसांच्या कामाला मी आजही एकच आकडा सांगते. तिथे आणखी काही करणं म्हणजे वेळ घालवणं.

मोठ्या कामात मात्र हा आकडा टिकत नाही. मॅनेजरला माहीत असतं की तुम्ही फुगवलंय, म्हणून ते कापतात. तुम्हाला माहीत असतं की ते कापणार, म्हणून पुढच्या वेळी चाळीस सांगता. दोन-तीन फेऱ्यांत अंदाजाची क्रॉफर्ड मार्केटमधली घासाघीस होते आणि आकड्याचा कामाशी संबंधच उरत नाही. घासाघिशीत ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा टिकतो. टीममधली शांत, पण कोड सगळ्यात चांगला माहीत असलेली मुलगी नेहमी हरते. मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा राग याच कारणासाठी आहे. उरलेला वेळ काम फुगून भरून काढतं, हे पार्किन्सन यांनी १९५५ साली म्हटलं होतं आणि तेही खरंच आहे. पण जुन्या प्रणालीत वेळ उरल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय.

तीन आकडे: चांगला, नेहमीचा, वाईट

ही पद्धत १९५८ च्या सुमाराला अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात पर्ट या नावाने आली. प्रत्येक तुकड्याला तीन आकडे द्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. मग चांगला, अधिक नेहमीच्याची चौपट, अधिक वाईट, भागिले सहा.

आपल्या उदाहरणात हिशेबाच्या तुकड्याला ३, ५, १३ दिले तर उत्तर ६ येतं. रिपोर्ट आणि फाइल्सच्या तुकड्याला ४, ८, ३० दिले तर ११. टेस्टिंगला ५, ७, १५ तर ८. बेरीज २५. म्हणजे मनातल्या वीसचे, फक्त "बिघडलं तर?" असं विचारल्याने, पंचवीस झाले. ही या पद्धतीची खरी कमाई आहे. वाईट आकडा लिहिताना माणूस पहिल्यांदा वाईट काय होऊ शकतं याचा विचार करतो, आणि त्या विचारातच अर्धी माहिती बाहेर येते. "तीस का लिहिलेस?" असं विचारलं की उत्तर येतं, "कारण ती फाइल पुढे कोण वाचतं हे मला माहीत नाही." हे वाक्य आकड्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. ते लिहून ठेवा.

आता इथली फसगत. प्रत्येक तुकड्याची अनिश्चितता म्हणजे वाईट वजा चांगला, भागिले सहा. आपल्याकडे ती साधारण १.७, ४.३ आणि १.७ येते. पुस्तकी रीत म्हणते, यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर साधारण ५. म्हणजे "बहुधा वीस ते तीस दिवस." छान वाटतं. पण या गणितात असं गृहीत धरलंय की तिन्ही तुकडे एकमेकांशी संबंध न ठेवता बिघडतात; एक लांबला तर दुसरा कदाचित लवकर संपेल. जुन्या प्रणालीत तसं नसतं. तिन्ही तुकडे एकाच कारणाने लांबतात: आपल्याला ती प्रणाली नीट माहीत नसते. फाइल वाचणारी चार ठिकाणं जास्त निघाली की टेस्टिंगही वाढतं आणि हिशेबही परत उघडावा लागतो. त्यामुळे मी अनिश्चितता सरळ बेरीज करते: १.७, ४.३, १.७ मिळून पावणेआठच्या आसपास. मग वरचं टोक तीसच्या जागी तेहतीसवर जातं. एवढा एक बदल केलात तरी ही पद्धत जुन्या कोडसाठी बरीच प्रामाणिक होते.

तोटा वापरणाऱ्यांचा आहे. "पंचवीस, पण तेहतीसपर्यंत जाऊ शकतं" असं सांगितलं की ऐकणारा पंचवीस ऐकतो. रेंज सांगायची तर वरचं टोक आधी उच्चारायचं: "तेहतीस दिवस धरा, नशीब चांगलं असेल तर पंचविसात होईल." शब्दांचा क्रम बदलल्याने स्लाइडवर पडणारा आकडा बदलतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

आपलीच जुनी वही

काहनमन आणि ट्व्हर्स्की यांनीच १९७९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: माणूस पुढच्या कामाचा अंदाज त्या कामाच्या योजनेकडे बघून करतो; तशाच आधीच्या कामांना प्रत्यक्ष किती वेळ लागला याकडे बघत नाही. आधीच्या कामांकडे बघणं हा त्यावरचा उपाय, आणि तो जवळजवळ फुकट आहे.

एक साधी एक्सेल शीट घ्या. तिच्यात काम, पहिला अंदाज, प्रत्यक्ष लागलेले दिवस आणि प्रत्यक्ष भागिले अंदाज हा भागाकार लिहा. जिरा या कामं नोंदवण्याच्या साधनातली जुनी तिकिटं, तेही नसेल तर रिलीजच्या मेल आणि सोर्स कंट्रोलच्या नोंदी चाळून मागची दहा कामं एका दुपारी भरता येतात. समजा भागाकार चढत्या क्रमाने असे निघाले: ०.९, १.०, १.२, १.३, १.५, १.६, १.८, २.२, २.५, ४.०. मधला आकडा साधारण १.५५. म्हणजे आपला पहिला अंदाज दीडपटीहून थोडा जास्त कमी पडतो, आणि दहापैकी आठ कामं २.२ पटीच्या आत संपली आहेत.

आता आपले वीस दिवस घ्या. १.५५ ने गुणले की ३१, आणि २.२ ने गुणले की ४४. म्हणजे "एकतीस दिवसांत व्हायची शक्यता निम्मी, चव्वेचाळीसमध्ये दहापैकी आठ." तीन आकड्यांच्या पद्धतीने ज्याला आपण 'वाईट' म्हणत होतो, त्या तेहतिसाच्या जवळच आपला नेहमीचा अनुभव आहे, हे इथे उघडं पडतं. पहिल्यांदा शीट भरली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. वाटायची गरज नव्हती. कुणाच्या कामचुकारपणाचा तो आकडा नाही. त्यात मध्येच आलेले प्रॉडक्शनचे प्रश्न आहेत, यूएटी सर्व्हर (लाइव्ह करण्याआधी क्लायंट बदल तपासतो तो) मिळायला गेलेले दिवस आहेत, क्लायंटच्या सही-मंजुरीचे दिवस आहेत. मनातल्या अंदाजात हे कधीच नसतं, कारण आपण फक्त कोड लिहायचे दिवस मोजतो.

दबावाखाली ही पद्धत सगळ्यात भक्कम उभी राहते. "मला वाटतं" म्हटलं की समोरचा त्याच्या "मला वाटतं"ने कापू शकतो. "याच प्रणालीत मागच्या दहा कामांना पहिल्या अंदाजाच्या दीडपट लागले, ही शीट" म्हटलं की चर्चा माझ्या स्वभावावरून निघून नोंदींवर येते. एका मॅनेजरने शीट बघून विचारलं होतं, "मग हे चार पट कुठलं?" त्यावरून यूएटी सर्व्हरचा प्रश्न सुटला. आकडा कमी करा असं सांगण्याऐवजी त्यांनी आकडा वाढवणारं कारण काढलं.

कमतरता दोन. दहा नोंदी म्हणजे फार नाहीत, आणि सगळ्या एकाच मॉड्यूलच्या असतील तर दुसऱ्या मॉड्यूलला लागू पडतीलच असं नाही. दुसरं, आजवर न झालेल्या प्रकारच्या कामाला वहीत जोड सापडत नाही. पहिल्यांदाच डेटाबेसची आवृत्ती बदलत असाल तर वही गप्प बसते.

आधी खोदून बघा

माझी खरी पसंती ही. आज आकडा नाही. तीन दिवस द्या, चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता आकडा देते.

बोहम यांनी १९८१ मध्ये मांडलेलं चित्र अनेकांनी पाहिलं असेल: सुरुवातीला अंदाज चौपट चुकू शकतो किंवा पाव असू शकतो, आणि काम पुढे जाईल तशी ही फट बारीक होत जाते. त्याचा एक चुकीचा अर्थ ऑफिसांत घेतला जातो, की दिवस गेले की फट आपोआप मिटते. तसं होत नाही. ती मिटते ती निर्णय झाल्याने आणि दिसायला लागल्याने. जुन्या चाळीत नळाची गळती काढणारा प्लंबर भिंत न फोडता भाव सांगत नाही. सांगितला तर "भिंत उघडल्यावर बघू" हे जोडतो. आम्ही मात्र भिंतीच्या रंगावरून आतल्या पाइपाचा भाव सांगत असतो.

या तीन दिवसांत नेमकं काय करायचं, हे सविस्तर सांगते, कारण 'अॅनॅलिसिस' म्हणून तीन दिवस घेऊन नुसतं वाचत बसलेली माणसंही मी पाहिली आहेत.

पहिल्या दिवशी काहीही न बदलता कोड स्वच्छ मशीनवर बिल्ड करून बघा. जुन्या प्रणालीत हेच कित्येकदा होत नाही: एखादा कंट्रोल फक्त एकाच माणसाच्या मशीनवर रजिस्टर असतो, किंवा सोर्समधला कोड आणि प्रॉडक्शनवरची एक्झिक्युटेबल एकमेकांशी जुळत नाहीत. तसं निघालं तर तुमचा अंदाज तिथेच बदलला.

मग तो चार्ज जिथे जिथे जातो तिथे माग काढा. टेबलच्या कॉलमचं नाव सगळ्या प्रोसिजर, ट्रिगर, रिपोर्ट आणि रात्रीच्या जॉबमध्ये शोधा. ऑरॅकल कुठली प्रोसिजर कुठल्या टेबलवर अवलंबून आहे हे सांगतं, पण चालता चालता मजकूर जोडून बनवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, त्या यादीत येत नाही. ती हातानेच शोधावी लागते, आणि जुन्या प्रणालीत घात तिथेच होतो. आणि एक गोष्ट कुठल्याही शोधात सापडत नाही: ऑपरेशन्समधल्या एखाद्या काकांच्या मशीनवरचं एक्सेल मॅक्रो, जे तुमची टेक्स्ट फाइल कॉलम मोजून वाचतं. मधे एक कॉलम वाढला की महिन्याचा हिशेब चुकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या डेस्कवर जाऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "काका, ही फाइल आल्यावर तुम्ही पुढे काय करता?" वीस वर्षं तीच फाइल हाताळणारा माणूस अर्ध्या तासात जे सांगतो ते कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नसतं.

तिसऱ्या दिवशी एक छोटा खराखुरा बदल करायचा, अगदी एखादं लेबल, आणि तो यूएटीपर्यंत नेऊन बघायचा. मंजुरी कुणाची, सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे, क्रिस्टलची फाइल कुठे कॉपी करायची, जुनं परत आणायचं झालं तर कसं. शिवाय मागच्या महिन्याच्या शंभर-दोनशे नोटा जशाच्या तशा पुन्हा काढून जपून ठेवायच्या. बदलानंतर हीच तुलना तुमची टेस्ट. जुन्या कोडला टेस्ट नसतात. आत्ता तो जे करतोय तेच बरोबर मानून सुरुवात करावी लागते.

चौथ्या दिवशी आपल्या उदाहरणात काय होतं? समजा असं दिसलं: हिशेबाचा बदल सोपा, ४ दिवस. फाइल्सच्या तुकड्यात मजकूर जोडून केलेल्या दोन क्वेरी आणि एक मॅक्रो निघाले, त्यामुळे १४. टेस्टिंग ९. एकूण २७, आणि रेंज चोवीस ते बत्तीस. पहिल्या वीसपेक्षा आकडा वाढला, पण फट केवढी लहान झाली ते बघा. मॅनेजरला लहान आकड्यापेक्षा न बदलणारा आकडा जास्त हवा असतो. त्यांना पुढे क्लायंटला तोंड द्यायचं असतं, आणि दर शुक्रवारी तारीख सरकवायची लाज त्यांनाही वाटते. त्यांचीही बाजू खरी आहे, हे मला उशिरा उमगलं.

अंधेरीच्या गोखले पुलाची गोष्ट मी टीमला नेहमी सांगते. पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, आणि तेव्हा सगळ्या मुंबईने बघितलं की शेजारच्या सी. डी. बर्फीवाला उड्डाणपुलाची उंची त्याच्याशी जुळत नाही. मग जुना उड्डाणपूल जॅक लावून उचलावा लागला. आमच्या कामातही नवं लिहायला वेळ लागत नाही. नवं जिथे जुन्याला टेकतं त्या सांध्यावर वेळ जातो. खोदकामाचे तीन दिवस त्या सांध्यांवरच खर्च करा.

खोदकामाचा तोटाही आहेच. ते तीन दिवस कुणाच्या बजेटमधून, हा प्रश्न येतो. निश्चित रकमेच्या करारात काम मिळायच्याच आधी आकडा मागतात, तेव्हा तीन दिवस फुकट जाऊ शकतात. मी उत्तर देते की काम मिळालं तर हे तीन दिवस त्यातलेच आहेत. न बघता दिलेला आकडा चुकला तर तीनपेक्षा जास्त जातील. काही जण ऐकतात, काही नाही.

तारीख ठरलेली, काम कापायचं

या शहरात अंदाज विचारलाच जात नाही अशी वेळ वारंवार येते. सेबी बीकेसीत, रिझर्व्ह बँक फोर्टात, आणि त्यांचं परिपत्रक आलं की तारीख ठरलेली असते. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला, नवे दर २२ सप्टेंबरपासून. मध्ये एकोणीस दिवस. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर त्यात शून्य झाला. ज्या जुन्या प्रणालीत कराचा दर दहा ठिकाणी कोडमध्येच लिहिलेला असतो, तिथे "किती दिवस लागतील" विचारून उपयोग नसतो. विचारायचं ते असं: त्या दिवशी सकाळी कुठल्या गोष्टी बरोबर चालल्याच पाहिजेत, आणि कुठल्या महिनाभर हाताने करता येतील?

पावतीवरचा आकडा चुकून चालणार नाही. महिन्याअखेरचा अंतर्गत रिपोर्ट पहिला महिना एक्सेलमध्ये चालेल, पण ते काम हाताने करणाऱ्या ऑपरेशन्सच्या माणसांना विचारून, त्यांच्या होकाराने. आम्ही कापलेलं काम त्यांच्या रात्रींवर पडतं, हे विसरायचं नाही.

तुकडे पाडून मोठा बदल कसा करतात याचा नमुना बाजारानेच घालून दिला आहे. टी अधिक एक सेटलमेंट, म्हणजे व्यवहाराच्या दुसऱ्याच कामाच्या दिवशी पैसे आणि शेअर हाती देणं, एका रात्रीत आली नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला बाजारमूल्यात सगळ्यात लहान शंभर कंपन्यांपासून सुरुवात झाली, मग टप्प्याटप्प्याने, आणि सगळे शेअर २७ जानेवारी २०२३ ला आले. सगळ्यात मोठे शेवटी. जुन्या प्रणालीत बदल करताना मी हाच क्रम सुचवते: कमी नुकसान होईल तिथे आधी.

आणि तारीख पुढे जाईल या आशेवर राहू नका. शेअर व्यवहारांवरच्या एकसमान मुद्रांक शुल्काची तारीख ९ जानेवारी २०२० वरून १ एप्रिल झाली, मग १ जुलै २०२०. कार्ड टोकनायझेशनचीही (दुकानदाराकडे कार्डच्या खऱ्या क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक ठेवण्याची) डिसेंबर २०२१ वरून सप्टेंबर २०२२ पर्यंत सरकली. पण जीएसटीची २२ सप्टेंबर सरकली नाही. मुद्रांक शुल्काच्या वेळी आमची तयारी जानेवारीसाठीच झालेली होती, म्हणून मिळालेले महिने आम्ही जुन्या राज्यनिहाय दरांचा कोड नीट वेगळा काढायला वापरले.

प्लॅनिंग पोकर आणि फंक्शन पॉइंटबद्दल थोडक्यात. पोकर, म्हणजे प्रत्येकाने आपल्या अंदाजाचा पत्ता एकाच वेळी उघडायचा, २००२ पासून आहे, आणि एकाने ३ व दुसरीने १३ दाखवल्यावर होणारं बोलणं उपयोगी असतं. पण जुन्या प्रणालीत बहुतेक सगळे एकाच जाणत्याकडे बघून पत्ता टाकतात, मग पाच पत्त्यांत मत एकच. फंक्शन पॉइंट, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय काय करून देतं ते मोजून आकार ठरवणं, अल्ब्रेक्ट यांनी आयबीएममध्ये १९७९ साली आणले. नव्या प्रणालीच्या आकारासाठी ठीक, पण एका ओळीचा बदल आणि महिन्याचं टेस्टिंग हे त्यात नीट मोजलं जात नाही. करारात मागितले असतील तर द्या, त्यावर शब्द देऊ नका.

मग तुम्ही काय निवडावं

काम ओळखीच्या कोडमधलं आणि आठवड्याच्या आतलं असेल तर एकच आकडा, न फुगवता. ओळखीच्या प्रणालीतलं मोठं काम असेल आणि वहीत दहा नोंदी असतील तर वही, आणि तिच्यासोबत तीन आकड्यांमधली फक्त 'वाईट का' ही यादी. अनोळखी कोड असेल, किंवा मूळ लिहिणारी माणसं सोडून गेली असतील, तर खोदकाम. तिथे मी दुसरा पर्यायच मानत नाही. तारीख नियामकाची असेल तर काम कापणं, पण त्याआधीही निदान एक दिवस खोदा, नाहीतर काय कापायचं तेच कळणार नाही. वही नसेल तर आजच सुरू करा. पहिले सहा महिने तिचा उपयोग होणार नाही, तरीही.

राहिला दबाव. तीन वाक्यं हमखास येतात. "अमक्या टीमने हेच आठ दिवसांत केलं." त्यावर मी त्या टीमचं काम खरंच बघते, कधी त्यांच्याकडे चांगली युक्ती असते. "दोन मुलं जास्त देतो." ब्रुक्स यांनी १९७५ साली म्हटलं होतं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. जुन्या कोडमध्ये नव्या मुलाला शिकवणारा एकच असतो आणि काम करणाराही तोच. माणसं हवी असतील तर मी टेस्टिंगसाठी मागते, पहिल्या दिवसापासून. आणि तिसरं, "काहीतरी आकडा दे ना आत्ता, स्लाइडला हवा आहे." इथे नुसता नकार देऊन चालत नाही, हे अनेक वर्षांनी शिकले. मोकळ्या हाताने गेलेल्या मॅनेजरला दुसरं कुणीतरी आकडा देतं. म्हणून मी त्यांना स्लाइडवर टाकता येईल असं वाक्य देते, आणि तेच त्याच दिवशी मेलने पाठवते:

"सर, कॉन्ट्रॅक्ट नोटच्या बदलाचा अंदाज गुरुवारी दुपारी ४ वाजता देते. तोपर्यंत बिल्ड, फाइल वाचणारी ठिकाणं आणि यूएटीपर्यंतचा रस्ता तपासून होईल. आज स्लाइडवर काही टाकायचंच असेल तर 'याच प्रणालीतल्या मागच्या कामांवरून ३१ ते ४४ कामाचे दिवस, गुरुवारी निश्चित' एवढं टाकावं. यातला ३१ एकटा वापरू नये. क्लायंटला हे महिन्याअखेर हवं असेल तर पूर्ण काम त्यात बसणार नाही. त्या तारखेला फक्त नोटवरचा हिशेब आणि छपाई देता येईल का, हे गुरुवारीच सांगते. लेजर आणि फाइल्स त्यानंतरच्या शनिवारी, मॉक (सरावाची फेरी) झाल्यावर."